चौदा ते अठरा वयाच्या गायकांना मंच द्या

संपादक महोदय, स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला बालगायकांच्या स्पर्धांवरचा लेख वाचला. विजेत्यांचे फोटो सुरेख आहेत, पण त्या मुलांचं पुढे काय होतं यावर त्यात एक ओळही नाही. मी नागपूरच्या प्रतापनगरात गाण्याचे वर्ग घेते. मला काळजी वाटते ती त्या पुढच्याच वर्षांची.

नेदरलँड्सच्या लिसा, एमी आणि शेली या तीन बहिणींचं बघा. युरोपातल्या मुलांची ज्युनिअर युरोव्हिजन ही गाण्याची स्पर्धा 2007 मध्ये रॉटरडॅमला, म्हणजे त्यांच्याच देशात झाली. थोरली 14 वर्षांची, धाकट्या जुळ्या 12 च्या. घरच्या प्रेक्षकांसमोर त्यांचा नंबर अकरावा आला. आपल्याकडे एवढ्यावर मुलीचा वर्ग बंद करून तिला ट्यूशनला बसवतात. त्या तिघी मात्र गात राहिल्या. 2014 मध्ये ‘ओजीन’ या नावाने त्यांनी ‘द व्हॉइस ऑफ हॉलंड’ ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकली आणि 2017 मध्ये कीव्हला मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये देशातर्फे गायल्या. गाणं आजारी आईसाठी होतं. तिथेही अकराव्याच आल्या! पण तीन गळे असे एकजीव झालेत की कुठला सूर कोणाचा, ते चटकन सांगता येत नाही. मधल्या दहा वर्षांची ही कमाई आहे.

मुलग्यांची वाट याहून बिकट, कारण मध्येच आवाज फुटतो. 2009 मध्ये राल्फ मॅकेनबाख हा 14 वर्षांचा मुलगा टॅप डान्स करत गायला आणि नेदरलँड्सला ज्युनिअर युरोव्हिजनचं पहिलं विजेतेपद मिळालं. त्याच वर्षी आपल्याकडे कार्तिकी गायकवाड ‘लिटिल चॅम्प्स’ची विजेती ठरली. तिच्या पर्वातला रोहित राऊत पुढे ‘इंडियन आयडॉल’मध्ये उपविजेता झाला, याचा मला फार आनंद आहे. बाकीच्या कितीतरी मुलांचं गाणं आवाज फुटला की थांबतं.

या वयात स्वरयंत्र वाढतं आणि मुलग्याचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. माझ्याकडचा एक मुलगा काळी पाच या उंच पट्टीत मोकळा गायचा. आवाज फुटला तेव्हा मी त्याला खालच्या काळी एकवर आणलं, तार सप्तक म्हणजे वरचे सूर बंद केले, रोज फक्त खर्ज म्हणजे खालचे सूर आणि सावकाश पलटे, म्हणजे स्वरांचा सराव. तेवढ्यात एका स्पर्धेची तारीख आली. वय उलटल्यामुळे त्याला खुल्या गटात टाकलं. कॅराओके ट्रॅक जुन्याच पट्टीतला होता. “पट्टी बदलून मिळणार नाही,” आयोजकांनी सांगून टाकलं. अंतऱ्याच्या तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, आवाज चिरकला, मागच्या रांगेतली पोरं हसली. तो पुन्हा वर्गाला आला नाही. आई दोनदा भेटून गेली, “मॅडम, तो आता पेटीला हातही लावत नाही.”

नागपुरात सभागृहांची वाण नाही, सायंटिफिक आहे, सुरेश भट सभागृह आहे. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की 14 ते 18 वयाचा वेगळा गट करा. त्यात नंबर काढू नका. ट्रॅकऐवजी पेटी-तबल्याची साथ द्या, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःची पट्टी घेता येईल. पालकांनीही आवाज फुटण्याच्या काळात वर्ग सोडवू नये. असा कार्यक्रम कोणी ठरवला, तर पेटीच्या साथीला मी येईन, मानधन नको.

आपली,
एक गायन शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर