सायकल बंगळुरूला पाठवण्याआधी

नाशिक

प्रिय सुहास,

सायकल पुण्यातच विकावी की कुरिअरने बंगळुरूला न्यावी, असं विचारलंस. कुरिअरनेच ने. पण एक धरून चाल: खोक्यावर कितीही बाण काढलेस तरी ते ट्रकमध्ये आडवंच पडणार आणि त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी सामान चढणार. त्या हिशेबानेच बांध.

खोकं विकत घेऊ नकोस. नव्या सायकली ज्यात येतात ती खोकी दुकानदार रद्दीत घालतात. आधी सांगून ठेवलंस तर देतील. पाच थरांच्या पुठ्ठ्याचं घे, ओल लागलेलं नको. नव्या सायकलीच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा अडकवलेला असतो, तोही मागून आण. चाक काढल्यावर फोर्कला आधार राहत नाही. वरून दाब आला की त्याचे पाय आत दबतात, आणि मग चाक बसत नाही.

आता पैसे. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायची. १४० × २० × ७५ च्या खोक्याचे ४२ किलो होतात, आतली सायकल १५ किलोची का असेना. तेच खोकं फुगून रुंदी २५ झाली की साडेबावन्न. म्हणजे हँडल नीट चपटं न बांधल्याचा दंड साडेदहा किलो! बुकिंगआधी मोजपट्टी स्वतः लाव आणि त्यांचा भागाकार कितीचा ते विचार.

खोलायला पेडलपासून सुरुवात कर. पंधरा मिलिमीटरचा पाना लागतो, काहींना आतून ६ किंवा ८ ची एलन की (षटकोनी चावी). डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तिथेच लोक जोर लावून आटे खातात. उजवं-डावं आठवत बसू नकोस: पाना पेडलच्या दांड्यावर उभा लाव, क्रँक (पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) हाताने धरून ठेव आणि पान्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढ. दोन्ही बाजूंना हेच चालतं. जाम असेल तर तेल सोडून रात्रभर ठेव.

सीटच्या दांड्यावर उंचीच्या खुणेला इन्शुलेशन टेप गुंडाळ, मग दांडा उपस. हँडलसाठी स्टेमच्या (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) पुढच्या पट्टीचे चारच बोल्ट काढ. वरच्या टोपीला हात लावू नकोस, नाहीतर हेडसेट (हँडल फिरतं ती बेअरिंग) परत जुळवत बसावं लागेल. हँडल केबलसकट फ्रेमला समांतर बांध, केबल कुठे मुडपू देऊ नकोस.

सगळ्यात नाजूक म्हणजे मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग. तो फ्रेमच्या ज्या छोट्या कानावर (पट्टीवर) लटकतो तो कान मुद्दामच मऊ असतो, म्हणजे फ्रेमऐवजी तो वाकावा. ५ च्या एलन कीने डिरेलर सोडव, बबलरॅपमध्ये गुंडाळ आणि मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला बांधून टाक. डिस्क ब्रेकची चकती (रोटर) सहा स्क्रूंची असेल तर टी-२५ च्या (चांदणीच्या टोकाच्या) चावीने काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेव. ब्रेक हायड्रॉलिक असतील तर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठा घाल. चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन बसतात.

नळ्यांवर एसीच्या पाइपवर घालतात तो काळा फोम चढव. पुढचं चाक फ्रेमच्या डाव्या बाजूला, क्विक रिलीजचा (हाताने उघडायच्या खटक्याचा) दांडा काढून. ॲक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) टोकांवर पुठ्ठ्याच्या चकत्या चिकटव, कारण खोकं फाटतं ते हमखास ॲक्सलने आणि चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या) दातांनी. तळाला पुठ्ठ्याचा दुहेरी थर. टायरची हवा निम्मी ठेव, पूर्ण काढलीस तर रिम उघडी पडते. (विमानात टायर फुटतो ही अफवा आहे, बाहेरचा दाब कितीही घटला तरी फरक १५ पीएसआयच्या आतच.) सुटे बोल्ट, पेडल, स्क्रू एका कापडी पिशवीत घालून ती फ्रेमलाच बांध. खोक्याच्या हात घालायच्या भोकांतून सुट्या वस्तू गळून जातात. शेवटी खोकं हलवून बघ. आत काही खडखडलं तर पुन्हा उघड.

पंक्चरचं सोल्यूशन आणि टायर फुगवायचे गॅसचे छोटे सिलिंडर आत टाकू नकोस, ती ज्वालाग्राही आणि दाबाखालची चीज म्हणून पार्सल अडतं.

कागदांत ‘वापरलेली वैयक्तिक सायकल, विक्रीसाठी नाही’ असं सहीनिशी लिहून दे. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा परवाना) लागत नाही. क्रँकखाली फ्रेमवर कोरलेल्या नंबरचा फोटो काढून ठेव, विम्याच्या दाव्याला तो लागतो. तिकडे खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढ, आणि फाटलेलं दिसलं तर सही करण्याआधी त्यांच्याच पावतीवर तसं लिही.

जोडताना पेडलच्या आट्यांना ग्रीस लाव आणि सुरुवातीचे फेरे बोटांनीच फिरव. स्टेमचे बोल्ट तिरपे आळीपाळीने आवळ. किती आवळायचे तो आकडा बहुतेक स्टेमवरच छापलेला असतो, साधारण ५ न्यूटन-मीटर.

तुझा,
अविनाश