संत्रा बगीच्यात गळतो, पतंग मात्र धुऱ्यावर वाढतो

महोदय,

आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलून पावसाळ्यानंतर पिकणारी फळे, हाती येण्याच्या दिवसांत संत्र्याच्या फळगळीच्या बातम्या दरवर्षी आपल्या अंकात येतात. नुकसान किती, पंचनामे कधी, मदत केव्हा. त्या यायलाच हव्यात. पण गळलेला संत्रा हातात घेऊन तो कशाने गळला, हे त्यांत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गळीला कारणे बरीच आहेत. बुरशी आहे, मुळाशी साचलेले पाणी आहे, अन्नद्रव्यांची कमतरता आहे. मी बोलतो आहे ते फक्त रस शोषणाऱ्या पतंगाबद्दल. फळावर टाचणीने टोचल्यासारखे छिद्र, भोवती पिवळट-तपकिरी गोल डाग, आणि दाबले की रसाची चिळकांडी. दोन वर्षे मी हे फळमाशीचे काम समजलो आणि झाडोझाडी सापळे टांगले. सापळ्यांत माशा पडल्या, खाली संत्रेही पडत राहिले.

शेवटी शेजारच्या वावरातले काका म्हणाले, "फळ कापून पाय ना बावा, आत अळी हाये का?" फळमाशी सालीखाली अंडी घालते, त्यामुळे तिच्या फळात अळ्या सापडतात. मी वीसेक फळे कापली. अळ्या दोन-तीन फळांतच होत्या, बाकीच्यांत छिद्राखालच्या फोडी तेवढ्या सुकलेल्या. त्या रात्री आठच्या सुमारास बॅटरी घेऊन बगीच्यात गेलो. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी आणि त्यांवर काळ्या खुणा, उजेडात लाल चमकणारे डोळे. फळाफळावर सोंड खुपसून पतंग बसले होते. या पतंगाची सोंड टणक आणि काटेरी असते, धड फळाची सालही ती भेदते. छिद्र पडले की आत बुरशी शिरते आणि थोड्याच दिवसांत फळ देठातून सुटते.

आता खरी गोष्ट. या पतंगाची मादी संत्र्याच्या झाडावर अंडी घालत नाही. ती गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींच्या पानांवर घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. काळपट, मखमली, अंगावर डोळ्यांसारखे गोल ठिपके असलेली ही उंटअळी दोन-अडीच आठवडे वेलीचीच पाने खाते, मग पाने जाळ्याने जोडून त्यांतच कोषात जाते. साधारण दोन आठवड्यांनी पतंग बाहेर पडतो आणि अंधार पडला की बगीच्यात शिरतो. म्हणजे महिना-सव्वा महिन्याचे त्याचे सारे बालपण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि नाल्याकाठी जाते, आणि आपण औषध मारतो ते संत्र्यावर.

पावसाळ्यात या वेली कुंपणावर फोफावतात आणि नेमक्या त्यानंतर आंबियाच्या फळांत रस भरतो. माझ्याच धुऱ्यावरच्या निंबावर 2020 साली काढ्यासाठी म्हणून मी गुळवेल चढवली होती. ती काढताना जीव तुटला, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा तिच्यावर विश्वास आहे. जंगलातल्या गुळवेलीला हात लावा असे मी म्हणत नाही, ती तिथे असायलाच हवी. बगीच्याला लागून ती नको, एवढेच.

धुऱ्यावरच्या वेली काढा, गळलेली फळे गोळा करून पुरा, सायंकाळी बगीच्यात धूर करा, हा सल्ला नवा नाही. पण एकट्याने वेली काढून भागत नाही, पतंग शेजारच्या धुऱ्यावरून येतोच. मी ते करून पाहिले आहे. गळ कमी झाली, थांबली नाही. म्हणून आपल्याला विनंती अशी की, सप्टेंबरात गळलेल्या फळांची छायाचित्रे छापता, तशी जूनमध्ये वासनवेलीची आणि या अळीची छापा. तेव्हा उपाय हातात असतो.

आमच्या शिवारातल्या सात-आठ जणांनी येत्या पावसाळ्यात मिळून धुरे साफ करायचे ठरवले आहे. नाल्याकाठची जागा मात्र कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही आणि सगळ्यात जास्त वेली तिथेच आहेत. ती कोणी साफ करायची, ते ग्रामसभेत मांडणार आहोत.

आपला,
एक संत्रा उत्पादक, ता. वरुड, जि. अमरावती