तक्रार पत्र: परवाने आणि पास सांभाळणाऱ्या ॲपमुळे भरावा लागलेला दंड

दिनांक: ११ मे २०२६

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
नागपूर कार्यालय

विषय: मासेमारी परवाना व पार्किंग पासची मुदत चुकीची दाखवल्याबद्दल भरपाई आणि ॲपमध्ये दुरुस्ती मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या ॲपच्या फॅमिली प्लॅनचे १,४९९ रुपये मी गेल्या जुलैत भरले. पैसे माझ्या खात्यातून गेले आणि नोंदणीही माझ्याच नावावर आहे. त्यामुळे दंड जावयांना अमेरिकेत झाला असला तरी तक्रार नागपुरातून मीच करतो आहे. ‘आपण स्वतः वापरकर्ते नाही’ हे उत्तर चॅटवर एकदा मिळालेलं आहे, ते कृपया परत पाठवू नका.

माझी लेक आणि जावई वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलजवळ राहतात. जावई मूळचे भंडारा जिल्ह्यातले. मालगुजारी तलावांच्या काठी गरी टाकून बसण्यात त्यांचं लहानपण गेलं आणि तिकडे गेल्यावरही तो नाद सुटला नाही. पण तिथे पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही परवान्याशिवाय गळ टाकता येत नाही. शिवाय तळ्यापर्यंत गाडी न्यायची तर जमीन कोणाची आहे ते बघून वेगवेगळा पास लागतो. इतके कागद, प्रत्येकाची मुदत वेगळी. ‘एकदा फोटो काढा, बाकी विसरा’ ही तुमची जाहिरात वाचून आम्ही सगळ्या घराचे कागद तुमच्याकडे सोपवले. माझ्या गाडीचा विमा, पीयूसी आणि जंगल सफारीचे परमिटसुद्धा.

आता मुख्य मुद्दा. वॉशिंग्टनचा वार्षिक मासेमारी परवाना कधीही घ्या, तो १ एप्रिल ते ३१ मार्च याच वर्षासाठी असतो. जुलैत घेतला तरी ३१ मार्चला संपतो. आपल्या आर्थिक वर्षासारखंच हे. ज्या देशातला प्रत्येक पगारदार माणूस मार्चअखेरीला धावपळ करतो, त्या देशातल्या प्रोग्रामरला हे समजायला अवघड का जावं, कळत नाही.

जावयांनी २० जुलै २०२५ ला परवान्याचा फोटो ॲपमध्ये टाकला. परवान्यावर मुदत अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, अशी ०३/३१/२०२६ छापलेली आहे. तुमच्या ॲपने तो तिसरा दिवस आणि एकतिसावा महिना असा वाचला. एकतिसावा महिना नसतो, तेव्हा खरं तर तिथेच थांबून ‘तारीख कळली नाही, तुम्ही भरा’ असं विचारायला हवं होतं. ॲपने तसं काही न विचारता फोटो टाकल्याच्या दिवसापासून ३६५ दिवस मोजले आणि हिरवी खूण लावून टाकली. ही माझी अटकळ नाही. तुमच्याच तांत्रिक विभागातल्या एका मुलाने फोनवर मला हे समजावून सांगितलं, आणि तुमच्या अख्ख्या कंपनीत सरळ बोललेला तोच एक माणूस. त्याला त्रास देऊ नका.

२५ एप्रिलच्या शनिवारी तिकडे सखल भागातल्या तळ्यांवर ट्राउट माशांचा हंगाम उघडला. दर वर्षी एप्रिलअखेरच्या या शनिवारी काठावर जत्रा असते आणि तपासणीही होते. अधिकाऱ्याने परवाना मागितला. जावयांनी आधी ॲप उघडलं. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे: वर हिरवी पट्टी, मध्ये ‘वैध’, खाली ‘८६ दिवस बाकी’. त्याच पानावर परवान्याचा फोटो बोटांनी मोठा केला की ३१ मार्च ही छापील तारीख स्वच्छ दिसते. अधिकाऱ्याने तीच बघितली. दंडाची पावती जोडली आहे.

यावर ‘ग्राहकाने मूळ कागद तपासून घ्यावा’ हे तुमच्या अटींमधलं वाक्य मला दाखवू नका. प्रत्येक वेळी मूळ कागद तपासायचाच असेल तर वर्षाला दीड हजार रुपये कशाचे?

दुसरी गोष्ट आधीची आहे, मार्चमधली, आणि तिचा मला जास्त राग आहे. कारण ती तुम्हाला तेव्हाच कळवली होती. तिथल्या वार्षिक मासेमारी परवान्यासोबत ‘व्हेइकल ॲक्सेस पास’ मिळतो. तो फक्त मत्स्य व वन्यजीव विभागाच्या जागांवर गाडी लावायला चालतो. राज्य उद्यानांत गाडी लावायची तर ‘डिस्कव्हर पास’ वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि त्याची मुदत एप्रिल-मार्चशी बांधलेली नसून घेतल्यापासून एक वर्ष असते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वनांत यातला एकही चालत नाही, तिथल्या बऱ्याच जागांना ‘नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास’ लागतो. राष्ट्रीय उद्यानांचं आणखी निराळं. तुमच्या ॲपमध्ये या सगळ्यांसाठी एकच रकाना आहे, ‘पार्किंग पास’. त्यात कुठलाही एक कागद टाकला की सगळीकडे ‘वैध’ दिसतं. राज्याच्या सीमेच्या दोन्ही अंगांना पेंचचं जंगल एकच, पण आपल्याकडच्या सिल्लारी गेटचं परमिट घेऊन कोणी मध्य प्रदेशातल्या तुरिया गेटवर गेलं तर त्याला आत सोडतील का? नागपूरच्या कंपनीला मी हे समजावून सांगावं, याची मलाच लाज वाटते.

तर मार्चमध्ये लेक-जावई मुलांना घेऊन एका राज्य उद्यानात गेले. ॲपवर ‘पार्किंग पास: वैध’. परत येऊन बघतात तर काचेवर ९९ डॉलरची नोटीस. पंधरा दिवसांच्या आत डिस्कव्हर पास घेतल्याचा पुरावा दिला की हा दंड ५९ डॉलरवर येतो. जावयांनी लगेच पास घेतला. तिथेही तुमची मदत अशी की ॲपमध्ये पासची किंमत ३० डॉलर दाखवत होते. ती १ ऑक्टोबर २०२५ पासून ४५ झाली आहे. २०११ मध्ये हा पास सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच किंमत वाढली, तिकडे सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, आणि तुमच्याकडे पाच-सहा महिने कोणी ती बदललीही नाही.

त्या वेळी नोंदवलेल्या तक्रारीला ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं आणि चॅट आपोआप बंद झालं. तेव्हाच कोणी माणसाने लक्ष घालून आमच्या खात्यातल्या तारखा तपासल्या असत्या, तर एप्रिलचा दंड झालाच नसता. म्हणून दुसऱ्या दंडाला मी तांत्रिक चूक म्हणायला तयार नाही.

सॅमन आणि स्टीलहेड या माशांसाठी तिथे ‘कॅच रेकॉर्ड कार्ड’, म्हणजे पकडलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड असतं. एकही मासा लागला नाही तरी त्याची माहिती ३० एप्रिलपर्यंत विभागाला कळवावी लागते. त्याची आठवण ॲपने दिलीच नाही. कार्डाचा फोटो ‘इतर’मध्ये पडून होता. जावयांनी स्वतःच्या आठवणीने ते काम केलं.

आता माझ्यापुरतं. हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन सिल्लारी गेटवर गेलो होतो. परमिट ॲपमध्ये, आणि गेटजवळ मोबाईलला रेंज नाही. तुमचं ॲप इंटरनेटशिवाय स्वतःकडे साठवलेला फोटोसुद्धा उघडत नाही. खिडकीवरच्या पोराने माझ्या फोनमध्ये डोकावून म्हटलं, ‘‘काका, हे त नुसतं गोल गोल फिरून राहिलं. कागद असन त द्या.’’ बायकोने पर्समधून प्रिंट काढून दिली म्हणून सकाळची फेरी वाचली. जंगलाच्या पाससाठी बनवलेलं ॲप जंगलात चालत नाही, हे तुमच्यातल्या एकाने तरी प्रत्यक्ष जाऊन बघावं. नागपुरातून दोन तासांचंही काम नाही.

माझी मागणी अशी. प्लॅनचे १,४९९ रुपये परत करा. राज्य उद्यानाच्या दंडाचे ५९ डॉलर आणि परवान्याच्या दंडाची पावतीवरची रक्कम, त्या त्या दिवशीच्या दराने रुपयांत, माझ्या खात्यात जमा करा. पासच्या ४५ डॉलरवर माझा दावा नाही, तो त्यांना लागणारच होता. तारीख वाचता आली नाही तर ॲपने स्वतःच्या मनाने ३६५ दिवस धरणं आजपासून बंद करा आणि ज्यांच्या खात्यात असे धरलेले दिवस आहेत त्या सगळ्यांना कळवा. ही मागणी पैशांपेक्षा महत्त्वाची आहे, कारण हिरवी खूण बघून निर्धास्त असलेले आणखी किती लोक असतील ते तुम्हालाच माहीत. पासचे रकाने जमिनीच्या मालकाप्रमाणे वेगळे करा. आणि कागदाचा फोटो रेंज नसतानाही उघडला पाहिजे.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मार्चच्या तक्रारीचा महिना केव्हाच उलटला. या पत्राचाही उलटला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि मी निवृत्त आहे, तारखांना हजर राहायला मला वेळच वेळ आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आजच केली आहे.

उत्तर ईमेलने किंवा टपालाने, खाली जबाबदार व्यक्तीचं नाव आणि सही घालून पाठवावं. चॅटवर आलेलं उत्तर मी उत्तर मानणार नाही. जूनच्या सुरुवातीला मी लेकीकडे जातो आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं.

आपला,
फॅमिली प्लॅनचा खातेधारक
त्रिमूर्तीनगर, नागपूर

सोबत: ‘८६ दिवस बाकी’ दाखवणारा स्क्रीनशॉट, परवान्याची प्रत, दोन्ही दंडांच्या पावत्या, मार्चमधील तक्रारीची पोच, प्लॅनचे पैसे भरल्याची पावती