कल्पकतेचा भाव किलोवर ठरू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लघु व मध्यम उद्योगांवरील आपल्या पुरवणीतले सर्व लेख मी मन लावून वाचले. यशस्वी उद्योजकाच्या गुणांची चर्चा करताना बहुतेक लेखकांनी धाडसाला आणि जोखीम पत्करण्याच्या वृत्तीला पहिला मान दिला आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत गेली सत्तावीस वर्षे बिडाच्या कास्टिंगची, म्हणजे वितळलेले बीड साच्यात ओतून केलेल्या भागांची, छोटी फाउंड्री चालवणारा माणूस म्हणून मला हे चित्र अपुरे वाटते. ते वाचून घरची शेती गहाण टाकून धंद्यात उतरणारी तरुण मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचा कडी फेकण्याचा प्रयोग उद्योजकता प्रशिक्षणाच्या वर्गांत पुष्कळदा सांगितला जातो. खुंटीवर कडी अडकवायची, पण किती लांबून फेकायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. काही करून दाखवण्याची ओढ ज्यांच्यात प्रबळ होती, ते खुंटीला खेटून उभे राहिले नाहीत आणि नेम केवळ नशिबाने लागेल इतके दूरही गेले नाहीत. प्रयत्नाने जमेल, पण प्रयत्नाशिवाय जमणार नाही, असे मधले अंतर त्यांनी निवडले. याच मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातील काकिनाडा येथील छोट्या व्यावसायिकांसाठी प्रशिक्षण सुरू केले, आणि ते घेतलेल्यांनी पुढच्या काळात इतरांपेक्षा जास्त गुंतवणूक केली, जास्त लोकांना काम दिले, असे त्यांना आढळले. म्हणजे उद्योजकाचा गुण शिकवता येतो; मात्र तो बेधडकपणाचा नसून अंतर ओळखण्याचा आहे.

आपल्याकडे याचे सर्वांत मोठे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढणारे लक्ष्मणराव पुढे कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, ही गोष्ट आपण त्यांच्या चिकाटीचा दाखला म्हणून सांगतो. मला त्यात चिकाटीइतकेच धोरणही दिसते. कडब्याचे यंत्र घेणारा शेतकरी आणि नांगर घेणारा शेतकरी एकच होता. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसल्यावर तिथे भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि उसाचे चरक तयार होऊ लागले, तेही त्याच शेतकऱ्यासाठी. वस्तू बदलत गेली, पण गिऱ्हाईक बदलले नाही. छोट्या कारखानदाराकडे जाहिरातीला पैसा नसतो आणि चुका पचवायला भांडवल नसते, त्यामुळे ज्याची नड आपल्याला आतून कळते असा एक गिऱ्हाईक धरून ठेवणे हीच त्याची खरी ताकद ठरते.

आता माझा अनुभव सांगतो. आमच्या धंद्यात कास्टिंगचा दर बहुतेक वेळा किलोवर ठरतो. काही वर्षांपूर्वी एका पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीच्या, पंपाच्या बॉडीचा पॅटर्न (ज्यावरून साचा घडतो तो नमुना) आणि कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) आम्ही बदलला. जिथे ताण येत नव्हता तिथली जाडी कमी केली आणि सहा महिन्यांच्या चाचण्यांनंतर अठरा किलोचा नग पंधरा किलोवर आणला. रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून परत येणारे नग, घटले, पार्टीचा मशिनिंगचा वेळ वाचला, आणि आमचे बिल मात्र एक षष्ठांशाने कमी झाले. जितकी अक्कल जास्त वापरली तितकी कमाई कमी झाली. माझ्या पॅटर्नमेकरने विचारले, ‘मालक, हे आपण कशासाठी केलं?’ त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर सापडायला दोन वर्षे लागली. किलोऐवजी नगावर दर द्या, वजन कमी केल्याचा फायदा निम्मा-निम्मा वाटून घेऊ, असा प्रस्ताव मी सर्व पार्ट्यांपुढे ठेवला. दोघांनी मानला. ज्या पार्टीकडून माझी एक तृतीयांश विक्री होत होती तिने नाकारला. तिचे काम मी लगेच सोडले नाही. आधी इतर कामे वाढवून तिचा वाटा दहाव्या हिश्श्यावर आणला आणि मगच सोडले. कडी किती लांबून फेकायची हे मी असे शिकलो. कोणते काम घ्यायचे यापेक्षा कोणते सोडायचे आणि केव्हा, हा छोट्या उद्योगाच्या धोरणातला अवघड भाग आहे, आणि त्यावर आपल्या पुरवणीत एकही ओळ नव्हती.

दुसरी गोष्ट थकलेल्या बिलांची. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे देण्यासाठी लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी परिषदही आहे. पण ज्याच्याकडून उद्याची ऑर्डर हवी आहे त्याच्याविरुद्ध आज अर्ज कोण करणार? मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात त्या खर्चाची वजावट मिळणार नाही, ही १ एप्रिल २०२४ पासूनची तरतूद मला म्हणूनच मोलाची वाटते, कारण तिच्यासाठी कोणालाही तक्रार करावी लागत नाही. मध्यम उद्योग मात्र या संरक्षणाबाहेर राहिले आहेत. नवा पॅटर्न, नवी चाचणी यांचा खर्च याच अडकलेल्या पैशांतून निघायचा असतो. बिल चार महिने थकले की सर्वप्रथम कात्री लागते ती चाचण्यांना.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की, पुढच्या पुरवणीसाठी वार्ताहरांना इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांकडे, आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये पाठवावे आणि दर कसा ठरला, कोणते काम सोडले, पैसे किती दिवसांनी आले, हे तीन प्रश्न विचारायला सांगावे. छत्रपती संभाजीनगरच्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रासारख्या संस्थांनीही प्रकल्प अहवाल लिहायला शिकवतात तितक्याच तासांत दराची बोलणी कशी करावीत हे शिकवावे. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी माझ्या दरपत्रकांच्या जुन्या फायली दाखवतो. कोणत्याही प्रशिक्षण वर्गाला त्या हव्या असतील तर मी आनंदाने देईन.

आपला नम्र,
एक फाउंड्रीचालक वाचक,
शिरोली, जि. कोल्हापूर