बॅटरीतली वीज फुकट नसते

मा. संपादक,

घरावर सौर पॅनेल, खाली बॅटऱ्या, मग वीजजोडणी तोडली की आयुष्यभर वीज फुकट, या समजुतीवर अनेक कुटुंबे मोठी रक्कम घालतात. ऊन फुकट आहेच. पण ते रात्रीसाठी साठवणारी बॅटरी झिजते, आणि ऑफ-ग्रिडचा, म्हणजे वीजजोडणीशिवाय राहण्याचा, हिशेब तिथेच फसतो.

रात्री तीन युनिट लागणारे घर घ्या. इन्व्हर्टरमध्ये दहा टक्के जातात, म्हणजे बॅटरीतून सुमारे 3.3 युनिट निघायला हवीत. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर (लेड-अ‍ॅसिडचाच एक प्रकार) बॅटरीत 1.8 युनिट मावतात. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून 0.9 च धरायची. चार बॅटऱ्या लागल्या. त्या साधारण 1200 ते 1500 वेळा भरतात-उतरतात असे धरले, तर रोजच्या वापरात जेमतेम चार वर्षे. तेवढ्या काळात रोज तीनप्रमाणे त्यांच्याकडून 3600 ते 4500 युनिट मिळणार. चौघींची किंमत या आकड्याने भागा. येणारा भाव निव्वळ साठवणुकीचा. पॅनेल, बॅटरीची भरणी सांभाळणारा चार्ज कंट्रोलर, इन्व्हर्टर अजून धरलेलेच नाहीत. हा एकटाच भाव तारेवरच्या विजेपेक्षा जास्त निघाला, तर बचतीची गोष्ट तिथेच संपली. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत उतरवता येते आणि 3000 हून अधिक वेळा चालते, त्यामुळे महाग असूनही ती परवडू शकते. भागाकार मात्र तिचाही करावा.

शिवाय इन्व्हर्टर काही जोडलेले नसतानाही तीसेक वॅट खात असेल, तर दिवसाला 0.7 युनिट तिथेच गेले. दुपारी बॅटरी भरली की उरलेले ऊन वाया. ते वाया जाऊ नये म्हणून पॅनेल कमी घेणे ही तर सर्वांत महाग काटकसर! बॅटरी रोज अर्धवट भरते, प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि दोन वर्षांत ‘बॅटरी खराब निघाली’ अशी ओरड होते. संध्याकाळी हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) लावून पाहा. ट्युब्युलरच्या भरलेल्या सेलमध्ये 1.24 च्या आसपास यायला हवे, रोज 1.20 वरच अडकत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा नाही, पॅनेल कमी पडते आहे. आणि जुन्या संचात एखादीच नवी बॅटरी जोडू नये. जुन्या तिलाही खाली ओढतात.

जिथे खांब टाकून तार आणायचा खर्चच डोईजड आहे किंवा रोज डिझेल जाळावे लागते, तिथे ऑफ-ग्रिड नक्की परवडते. दारात तार असेल तर ती तोडू नये. पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री दिवसा उन्हावर चालवावी, बॅटरी दिवे-पंख्यापुरती ठेवावी. विक्रेत्यांनीही ‘इतक्या वर्षांत पैसे वसूल’ असे कोटेशनवर लिहिताना बॅटऱ्या बदलण्याचा खर्च त्याच कागदावर दाखवायलाच हवा. आणि ग्राहकांनी कोटेशन मागवण्याआधी आठवडाभर सकाळी सात आणि संध्याकाळी सहाचे मीटर-रीडिंग लिहून ठेवावे. रात्रीचा खरा आकडा हाती आल्याशिवाय किती बॅटऱ्या घ्यायच्या, हे कुणालाच सांगता येणार नाही.

– एक वाचक