ऑर्कनीतल्या जुन्या तोफखान्यांसाठी मदत हवीये, हातांची पण आणि पैशांची पण

नमस्कार मंडळी, मी ऑर्कनीहून लिहितेय, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही पलीकडे जी बेटं आहेत ना तिथून. नोकरीसाठी आले आणि इथेच रमले, आणि गेली काही वर्षं इथल्या गावकऱ्यांच्या एका छोट्या गटात आहे जो महायुद्धातल्या पडक्या बॅटऱ्या, म्हणजे किनाऱ्यावरचे तोफखाने, साफ ठेवायचं आणि त्यांची नोंद करायचं काम करतो. यंदा माणसं कमी पडतायत आणि पैसेही, म्हणून गटातल्या सगळ्यांनी सांगितलं तुझ्या लोकांनाही विचार, आणि मला पण वाटलं की आपल्याकडची पोरं रविवार आला की फावडं-घमेलं घेऊन गडावर टाक्यातला गाळ काढायला जातात, त्यांना हे काम काय आहे ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तरी थोडं सांगते. ऑर्कनीतलं स्कापा फ्लो म्हणजे चहूबाजूंनी बेटं आणि मध्ये शांत खोल पाणी, दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आरमाराचा मोठा तळ इथे होता. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा पूर्वेकडच्या अरुंद खाड्यांमध्ये जुनी जहाजं मुद्दाम बुडवून वाट अडवली होती, पण १३ ऑक्टोबरच्या रात्री यू-४७ ही जर्मन पाणबुडी भरतीच्या पाण्यात कर्क साउंड या खाडीतल्या फटीतून आत शिरली आणि मध्यरात्रीनंतर रॉयल ओक ही युद्धनौका तिने बुडवली. ८३० च्या वर माणसं गेली, त्यात शंभरावर पोरं अशी की ज्यांना अठरावं पण पूर्ण झालं नव्हतं. ते जहाज अजून तिथेच खाली आहे, कबर म्हणून राखलंय, आणि वर पाण्यावर खुणेचा एक बोया तरंगतो. पहिल्यांदा तो बोया दाखवला तेव्हा मला बराच वेळ काही बोलवेना.

त्यानंतर मग इथे सगळं झपाट्याने उभं राहिलं. पूर्वेच्या चार खाड्या काँक्रीटचे पाच आणि दहा टनांचे ठोकळे टाकून कायमच्या बंद केल्या, तेच चर्चिल बॅरियर्स, आणि त्या कामाला उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी होते. आज त्यावरून रस्ता जातो, मी आठवड्यातून दोनदा त्यावरून गाडी घेऊन जाते. आणि आरमाराच्या जहाजांची ये-जा करायची जी मोठी दारं होती, होक्सा साउंड ही खाडी वगैरे, तिथे पाण्यात लोखंडी जाळं आणि दोन्ही काठांवर तोफा, सर्चलाइट, निरीक्षणाचे मनोरे. होक्सा हेड या टोकावरची बाल्फोर बॅटरी, समोर फ्लोटा बेटावरचं स्टँगर हेड, स्ट्रॉमनेस गावाजवळची नेस बॅटरी, ही त्यातली काही नावं. बाल्फोरला सहा पौंडी जोडतोफा होत्या, जाळ्याकडे वेगात येणाऱ्या टॉर्पेडो बोटींवर भराभर मारा करायला.

तोफा कधीच्या गेल्या. राहिलंय ते काँक्रीट, विटा, थोडं लोखंड. तुम्ही म्हणाल काँक्रीटला काय होतंय. मुंबईत समुद्राकाठच्या बिल्डिंगीत राहिलेल्यांना माहितीये काय होतं ते, खारं वारं आत शिरतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि बाहेरचं काँक्रीट पोपडे सुटून पडतं, तेच इथे ऐंशी वर्षं चाललंय आणि इथला वारा कोकणातल्या वादळी दिवसासारखा, पण हिवाळाभर. मागच्या सप्टेंबरात एका दारूगोळ्याच्या कपाटाचं लोखंडी दार मी हाताने नुसतं चाचपलं तर तळहाताएवढा पापुद्रा निघून आला, आणि त्याच्या खाली मूळचा हिरवा रंग, अगदी काल लावल्यासारखा. पुढच्या खेपेला गेलो तर तो रंग पण गेला होता. आम्ही त्याचा फोटो काढला होता म्हणून निदान कळतं तरी की तो होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. जाड भिंती अजून काही वर्षं उभ्या राहतील, पण रंग, लाकूड, पत्रा, भिंतीवर कुणी पेन्सिलीने मांडलेले आकडे, हे आधी जातं आणि इथे माणसं राहत होती हे त्यातूनच कळतं. नेस बॅटरीत लाकडी बराकी अजून आहेत, मेसच्या भिंतींवर इंग्लंडमधल्या खेड्यांची चित्रं काढलेली आहेत, पवनचक्की, गवताने शाकारलेली घरं. घरापासून लांब, वाऱ्यापावसात बसलेल्या लोकांनी जेवताना बघायला ती चित्रं. ती वाचली कारण वेळेवर लक्ष दिलं गेलं. इटालियन कैद्यांनी दोन पत्र्याच्या निस्सेन झोपड्या जोडून जे चॅपल बांधलं ते पण तसंच, स्थानिकांनी जपलं, आणि १९६० मध्ये ते रंगवणारे दोमेनिको किओकेत्ती स्वतः परत येऊन दुरुस्ती करून गेले. चॅपलला आज टुरिस्टांची रांग असते. होक्सा हेडवर बहुतेक दिवस मेंढ्या आणि आम्ही.

आता काय हवंय ते. बऱ्याच जागा कायद्याने संरक्षित आहेत, तिथे मनाने सिमेंट थापता येत नाही, हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची परवानगी लागते आणि शेतमालकाचीही, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे आमचं काम म्हणजे तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करणं, खाजकुयलीसारखी झोंबणारी झुडपं काढणं, आतला कचरा उचलणं आणि प्रत्येक खोलीचे व्यवस्थित फोटो घेणं. पैसे लागतात ते स्ट्रक्चरल इंजिनियरच्या तपासणीला, स्वयंसेवकांच्या इन्शुरन्सला, व्हॅनच्या भाड्याला, गुरं आत जाऊ नयेत म्हणून फाटकांना. पाच पाउंड द्या नाहीतर पन्नास, प्रत्येक खर्चाची पावती गटाच्या वहीत असते आणि देणाऱ्याला ती बघायला मिळते.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी, काम सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आहे. आधी नाही, कारण या खोल्यांमध्ये फुल्मर पक्षी घरटी करतात आणि पिल्लं उडून जाईपर्यंत आम्ही आत पाऊल ठेवत नाही (जवळ गेलं तर ते तोंडातून असं घाण तेल उडवतात की जॅकेट टाकूनच द्यावं लागतं). नंतर पण नाही, कारण ऑक्टोबरात फेरीबोटीचा भरवसा नाही. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या गिल्स बे वरून इथल्या सेंट मार्गारेट्स होप गावाची फेरी पकडलीत तर साधारण तासाभरात पोचता आणि होक्सा तिथून अगदी जवळ. राहायची सोय आमच्या घरांमध्ये करू, पिठलं-भात माझ्याकडे. वॉटरप्रूफ बूट आणि जाड हातमोजे आणा. लहान मुलांना कड्याच्या बाजूला नाही नेता येणार, पण फोटोंची नावं लिहायला घरात बसून त्यांची खूप मदत होईल.

येणं जमत नसेल आणि आयटीत असाल तर फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवून देणारं कुणीतरी हवंय, ते लंडनहून किंवा पुण्याहून पण होईल.

आणि अजून एक, हे फुकटचं आहे पण मला सगळ्यात जास्त हवंय. यूकेत राहणाऱ्यांनो, तुमच्या शेजारच्या आजी-आजोबांना एकदा विचारा, घरातलं कुणी युद्धात स्कापा फ्लोला होतं का. त्या वेळी इथे स्थानिक माणसांपेक्षा सैनिक जास्त होते, त्यामुळे कितीतरी घरांत एखादा फोटो, एखादं पत्र डब्यात पडून असेल. मूळ वस्तू नकोत, मोबाइलवर फोटो काढून पाठवलात तरी पुरे, फक्त मागे काही लिहिलं असेल तर ती बाजू पण पाठवा.

ज्यांच्याकडून हा मेसेज तुमच्यापर्यंत आलाय त्यांनाच कळवा, ते मला पोचवतील. येणाऱ्यांनी ऑगस्ट संपायच्या आत सांगा म्हणजे फेरीची तिकिटं आणि अंथरुणं दोन्ही बघता येतील.