विषय: सिरिंज पंप आणि न झालेलं ट्रेनिंग (तिसरं पत्र)

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर जे ऐकलं, त्यानंतर नमस्कार-चमत्कार करायची इच्छा उरलेली नाही.

आमच्या आयसीयूतले, सिरिंजमधून ठरावीक वेगानं औषध सोडणारे बाराही सिरिंज पंप तुमचे. दर तीन महिन्यांनी नव्या स्टाफला ट्रेनिंग, तेही तिन्ही शिफ्टना, पेशंटच्या बेडपाशी, असं करारात तुम्हीच छापलंय. त्याचे पैसे वेगळे घेतलेत. प्रत्यक्षात मार्चमध्ये एकदा तुमचा माणूस आला, मीटिंग रूममध्ये वीस मिनिटं इंग्रजी स्लाइड दाखवल्या, सह्या घेतल्या आणि सिंहगड रोडला ट्रॅफिक लागेल म्हणून निघाला. नाइटच्या मुलींना तो दिसलाही नाही.

गेल्या मंगळवारी रात्री बीपी वाढवणारं नॉरअॅड्रिनालिन चालू असलेल्या पेशंटचं बीपी चढायला लागलं. ड्यूटीवर नर्सिंगचा जीएनएम कोर्स करून जूनमध्ये लागलेली मुलगी. बारा वाजता तिनं नवी सिरिंज लावली होती, रेट तासाला 5 मिली. दोन वाजता 10 मिली जायला हवं होतं, गेलं होतं 12. तिनं सिरिंजवर पट्टी चिकटवून तासातासाला खूण केली होती, म्हणून कळलं. तिनं लगेच डॉक्टरांना उठवलं, पेशंट सावरला. झालं होतं असं, की स्टोअरनं दुसऱ्या कंपनीच्या सिरिंज आणल्या आणि पंपात जुनीच कंपनी सेट होती. सिरिंजचा आतला व्यास बदलला की दट्ट्या तेवढाच सरकूनही औषध कमीजास्त जातं, हे तुम्हाला मी काय सांगणार? पंप तुम्ही बनवता. पण त्या वीस मिनिटांत याचा एक शब्द नव्हता.

आता आजचा फोन.

"मॅडम, स्टाफ नवीन आहे का?" हो. "मग ती यूजर एरर."
ट्रेनिंग कुठे दिलंत? "दिलंय ना, सह्या आहेत आमच्याकडे."
सह्या मार्चच्या, मुलगी जूनची. क्षणभर शांतता. मग, "त्यांना यूट्यूबवर व्हिडिओ बघायला सांगा, एकदम इझी आहे."
कधी बघायचा? रात्री दोनला, अलार्म वाजत असताना?
"वेळ मिळेल तेव्हा, मॅडम. आणि आयसीयूत अनुभवी सिस्टरच ठेवत जा ना."

बरं. अनुभवी सिस्टर लक्ष्मी रोडला कुठल्या दुकानात मिळतात तेही कळवा, दिवाळीच्या खरेदीत घेऊन येते. अहो, बाजूला कुणी उभं राहून शिकवलं की नवखी मुलगी अनुभवी होते. तेच तुम्ही विकलंत आणि दिलं नाहीत. जिनं चूक पकडली तिलाच तुम्ही चूक ठरवलंत. फोन ठेवून पाच मिनिटं होत नाहीत तोच मेसेज: तक्रार बंद, कारण यूजर एरर.

दहा वर्षांपूर्वी तुमचा इंजिनिअर रात्री अकराला स्कूटरवरून यायचा आणि पंप उघडून पोरींना समजावून सांगायचा. त्या भरवशावर मी मॅनेजमेंटकडे तुमचंच नाव लावून धरलं. आता तोंडघशी मी पडले.

"यूजर एरर" हा शेरा लेखी मागे घ्या. आठ दिवसांत ट्रेनर आला नाही, तर हा प्रकार वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवणाऱ्या सरकारी मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाकडे कळवणार आहे. फॉर्म भरून टेबलावर ठेवलाय. डिसेंबरमध्ये आणखी आठ पंप घ्यायचे आहेत, त्याच्या कागदावर पहिली सही माझी लागते. आणि हो, मार्चच्या त्या सह्या मला पुन्हा दाखवू नका.

ट्रेनर मराठी बोलणारा पाठवा. रात्री नऊनंतर पाठवा.

सिस्टर इन्चार्ज, आयसीयू
पुणे